जोतिबाच्या पुढ्यात बोंबील

बोईसर स्टेशनवरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काम करणाऱ्या मजुरांची एक वस्ती होती. बांबूचे कूड, वर पत्रा, दाराला तरट. १९६८च्या जानेवारीत सातारा जिल्ह्यातून मैनाबाई नावाची बाई तिथे भावाकडे राहायला आली. वय तिशीच्या आतबाहेर. आठवडाभरात वस्तीतल्या प्रत्येकाला ती माहीत झाली, कारण ती बसत नसे.

भाकरी ती उभ्याने खाई, तीही खोपटीमागे फेऱ्या घालत. बांधकामावर तिला खडीची घमेली वाहायचं काम मिळालं होतं. दुपारी सुट्टी झाली की बाकीच्या बाया सावलीला टेकत. ही रिकामं घमेलं डोक्यावर ठेवून खडीच्या ढिगाभोवती चालत राही. मुकादम उत्तरेकडचा होता. "ए बाई, बैठ जा ना थोडा. तेरे को देख के मेरे को चक्कर आता है," तो म्हणे.

"मग बघू नगंस," ती म्हणे आणि चालू लागे.

सुट्टीच्या दिवशी ती रस्ता धरी. कधी पालघर, कधी तारापूर. एकदा मनोरच्या बाजारापर्यंत पायी गेली आणि संध्याकाळी कुणाच्या तरी ट्रकमधून परत आली. भावजय रत्नाबाईने विचारलं, "वन्सं, बाजारातनं काय आणलंसा?"

"काय न्हाई."

"मग गेलासा कशाला?"

"आले न्हवं परत?"

झोपायला ती खोपटीत येत नसे. बाहेर घोंगडी टाकी. थंडीतही. "लोक म्हणत्याल, भावजय घरात घेत न्हाई," रत्नाबाई कुरकुरली.

"लोकांस्नी सांग, नणंदच येत न्हाई."

ती घरात का येत नाही हे वस्तीला ठाऊक होतं. वस्तीतले अर्धेअधिक कामगार कोयनेच्या धरणावर राबून पुढे तारापूरच्या कामावर आलेले होते. मैनाबाईचा भाऊ आनंदा हा त्यांपैकीच. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणारा सुतार. धरणाचं काम सरत आलं तसा तो बायकोला घेऊन इकडे आला. मैनाबाईचा नवरा मारुती मात्र गोदामावर राखणदार म्हणून तिकडेच राहिला. घर स्वतःचं, आई म्हातारी, पोरं शाळेत जाणारी. हलायचं कारण नव्हतं. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला. मैनाबाई उजाडायच्या आधी परसाकडे गेली होती, म्हणून वाचली. घराच्या भिंती दगडमातीच्या, हातभर रुंद होत्या. नवरा, सासू, मुलगी आणि मुलगा आत होते. चौघांनाही दुपारपर्यंत बाहेर काढलं.

मागची भिंत तेवढी उभी राहिली. तिच्या कोनाड्यात देव होते. जोतिबा, खंडोबा, भवानी आणि मारुतीच्या वडलांचा एक, असे चांदीचे टाक. मूर्ती ठोकून उठवलेले, रुपयाएवढे पत्रे. त्यांच्यावर धुळीचा थर बसला होता, पण एकही पालथा पडला नव्हता. शेजारची माणसं हात जोडून म्हणाली, देव राहिले, म्हणजे घराणं राहील.

"कुणाचं?" मैनाबाईने विचारलं.

दिवसकार्य झाल्यावर चुलत दीर म्हणाला, रीतीप्रमाणे मारुतीचा टाक करून देवांत बसवायला हवा. ती म्हणाली, "माणसं न्यायची आणि पत्रे द्यायचे, ह्यो धंदा मला नगं." मग देव कुणी घ्यायचे हा प्रश्न आला. भाऊबंदांच्या घरी ज्याचे त्याचे टाक होते. दुसऱ्या चुलीचे देव कुणी आपल्या चुलीशी नेत नाही. ते उपाशीही ठेवता येत नाहीत. आनंदा बहिणीला न्यायला आला तेव्हा देव त्याच्या पिशवीत आले. मैनाबाईने त्यांना हात लावला नाही.

वस्तीत आनंदाने पत्र्याच्या पेटीवर फळी ठेवून देव मांडले. रोजची पूजा रत्नाबाई करू लागली. तिला दिवस गेले होते आणि ती भीत होती. घरात देव आहेत ते बरंच, असं तिला वाटे. मैनाबाई दाराबाहेरच, फळीकडे पाठ करून उभी राही. एकदा तिने भावाला सांगितलं, "आनंदा, घर पडताना ह्यांनी सोताला तेवढं सांभाळलं. अशा माणसाला आपुन काय म्हनलो असतो?"

"देव माणूस न्हाई, आक्का."

"न्हाईच. माणसानं निदान हाळी दिली असती."

अशीच ती आणखी काही वर्षं फिरत राहिली असती, किंवा कुठेतरी रस्त्यावर संपली असती. भावाला तीच धास्ती होती. पण चैत्री पौर्णिमा आली. जोतिबाच्या यात्रेचा दिवस. रत्नाबाईने सकाळपासून पुरण घातलं. बांधकामाला त्या दिवशी सुट्टी नव्हती, पण मैनाबाई कामावर गेली नाही. रत्नाबाई पुरण वाटत असताना ती घरात आली, जानेवारीपासून पहिल्यांदाच. फळीवरचे टाक उचलले, एका फडक्यात एका दगडाबरोबर बांधले आणि चालू लागली. रत्नाबाईला कळेपर्यंत ती रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती.

डोंगरातल्या बाईला पाणी म्हणजे डोह. कोयनेच्या डोहात टाकलेली वस्तू गेली म्हणजे गेली. जुन्या मूर्ती, भंगलेले देव असेच सोडतात. मैनाबाई दांडी गावाच्या कडेला खडकांवर पोचली तेव्हा दुपार झाली होती आणि समुद्र खडकांच्या माथ्याला लागला होता. तिने फडकं हवेत भिरकावलं. ते जेमतेम वीस-पंचवीस हातांवर पडलं आणि बुडालं. ती थोडा वेळ पाहत राहिली. पाणी जागच्या जागी वरखाली होत होतं. मग ती परत फिरली.

आनंदा कामावरून आला तेव्हा रत्नाबाई दारात रडत होती.

"आक्का, देव कुठं हाईत?"

"पाण्यात."

"कुठल्या पाण्यात?"

"हितं पाणी किती परकारचं हाय? दर्यात टाकले."

आनंदाने दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांवर मारून घेतलं. "घरात बाळंतपण हाय, आक्का. ह्यो काय खेळ मांडलास?"

"माझ्या घरात दोन लेकरं व्हती. तवा तुझा देव कोनाड्यात बसून व्हता."

आनंदा सज्जन माणूस होता. त्याने आवाज चढवला नाही. पण तो म्हणाला की देव आणता आले तर आण, न्हाईतर... आणि वाक्य अर्धवट सोडून तो बाहेर गेला. अर्धं वाक्य मैनाबाईला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती पालघरच्या बाजूला कुठे काम मिळतं का ते पाहू लागली.

इकडे दांडीत वेगळंच घडलं होतं. पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. जितका चढतो तितकाच उतरतो. दुपारी माथ्याला लागलेला समुद्र संध्याकाळी एवढा मागे गेला की एरवी न दिसणारे खडक उघडे पडले. अशा वेळी दांडीच्या बाया खडकांवरची कालवं काढायला जातात. सुगंधा नावाची बाई टोपली घेऊन गेली होती. तिला एका डबक्यात फडक्याची गाठ दिसली. सोडली तर आत चार देव.

सुगंधा विधवा होती. नवऱ्याची होडी फुटून काही वर्षं झाली होती. प्रेत मिळालं नव्हतं. घरी एक मुलगा, देवू, वीस-बावीस वर्षांचा, त्याच दर्यावर जाणारा. दर्या जे परत देतो ते नाकारायचं नाही, असं दांडीत मानतात. सुगंधाने देव घरी नेले, आपल्या देवांशेजारी मांडले. दुसऱ्या दिवशी आळीतल्या चार बाया नारळ घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या उच्छेळी गावाहून आल्या.

ही बातमी मासळी विकणाऱ्या सोजराबाईच्या टोपलीबरोबर मजुरांच्या वस्तीत आली. "दर्यातून देव आले, बाय! घोड्यावर बसलेले. चांदीचे!" रत्नाबाईच्या हातातला बोंबील खाली पडला. आनंदाने बहिणीला गाठलं. "आक्का, जा आणि घेऊन ये. देवानंच वाट दावली."

"देवानं न्हाई, ओहोटीनं," मैनाबाई म्हणाली. टाकताना तिला ओहोटी ठाऊक नव्हती. आता कुणीतरी समजावली होती. पण ती गेली. आणायला नव्हे. आपण फेकून दिलेल्या पत्र्यांना परक्या गावचे लोक नारळ फोडतात, हे तिला सहन होईना. त्यांना खरं काय ते सांगायचं आणि पुढे पालघरला जायचं, असं ठरवून कपड्याचं गाठोडंही तिने बरोबर घेतलं.

सुगंधाचं घर कुडाचं होतं, सारवलेलं, पुढे बोंबील वाळवायच्या वलांडी, म्हणजे उंच बांबूंना ताणलेले दोर. सुगंधा दारात जाळं शिवत होती. मैनाबाई न विचारता उंबऱ्यापर्यंत गेली आणि आत पाहिलं. चौरंगावर चारी टाक ओळीने उभे होते. त्यांना शेंदूर फासला होता. समोर पळसाच्या पानावर तांदळाच्या भाकरीचा तुकडा होता आणि त्यावर एक भाजलेला सुका बोंबील.

"ह्ये काय ठेवलंयस त्याच्या पुढ्यात?" मैनाबाई ओरडली.

सुगंधाने मान वर केली. "निवेद. तू कोन गो?"

"अगं, त्यो जोतिबा हाय! त्याला मासळी चालत न्हाई! पुरण लागतं त्याला. उचल आधी!"

"आमी जे खातो तेच देवाला देतो. चार दिस खातो हाय, काय बोलला नाय."

"चार दिस?" मैनाबाईने कपाळाला हात लावला. "रोज?"

"एक दिस सुकट दिली. बोंबील सरला होता."

मैनाबाई गाठोडं टाकून आत शिरली. पान उचलून बाहेर फेकलं. कुत्रं धावत आलं. आता सुगंधा उठली, जाळ्याची सुई हातात धरूनच. "माझ्या घरात घुसून माझ्या देवाचा निवेद टाकतेस? तुझा काय संबंद?"

"माझे हाईत ते! मीच टाकले दर्यात."

"टाकलेस?" सुगंधाने तिच्याकडे नीट पाहिलं. "कशाला?"

"त्यांच्यात काय न्हाई. नुसता पत्रा हाय."

"मंग पत्र्यानी बोंबील खाल्ला," सुगंधा म्हणाली, "तर तुझा काय गेला?"

मैनाबाईने चौरंगावरचा जोतिबा उचलला आणि पदराने खसाखसा पुसायला लागली. शेंदूर निघेना तसा तिचा राग चढत गेला. तो राग तिला स्वतःलाच दिसला, असं ती पुढे सांगत असे. नसलेल्या कुणाच्या पानात बोंबील पडला म्हणून कुणी असं पेटत नाही. "मला काय उजेड-बिजेड दिसला न्हाई. मला निसता राग दिसला. आणि राग हाय तर ज्याच्यापायी आला त्यो बी असंल."

त्या वेळी मात्र ती एवढंच म्हणाली, "राख दे. आणि चिंच हाय का?"

तिने परसात बसून टाक घासले. शेंदूर निघाला, बोंबलाचा वास जायला वेळ लागला. आधी जोतिबा, मग खंडोबा, मग भवानी, मग सासरा. ज्या क्रमाने लग्न होऊन आल्यापासून घासत आली होती त्याच क्रमाने. सुगंधा दारात उभी राहून बघत होती. मधेच तिने विचारलं, "घरचे कुटं हायत तुझ्या?" मैनाबाईने घासता घासता सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सबंध सांगितलं. भिंत कशी पडली, आधी कोण सापडलं, मग कोण. सुगंधा "अरे अरे" म्हणाली नाही. ती म्हणाली, "तुला निदान सापडले तरी. माझा अजून दर्यातच हाय." आणि काळा चहा करायला आत गेली.

चहा झाल्यावर भांडण पुन्हा सुरू झालं. सुगंधा म्हणाली, घेऊन जा तुझे देव. दर्याने दिलेले ठेवता येतात, दुसऱ्या बाईच्या घरचे नाहीत. ते आपल्या देवांशी भांडतात. मैनाबाई म्हणाली, मला घरच नाही, नेऊ कुठे?

"भावाकडं ने."

"भावाला त्याचे हाईत. आणि मी तिथं ऱ्हात न्हाई."

"मंग परत दर्यात टाक. अमावास्येला टाकू नको, तवा पन ओहोटी मोठी असते."

यावर मैनाबाई हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच हसली असं म्हणायला हरकत नाही. निदान हसल्याचं तिला आठवत होतं.

तोड अशी निघाली की देव दांडीत राहतील, पण वेगळ्या फळीवर; आणि सुट्टीच्या दिवशी मैनाबाई येऊन त्यांची पूजा करील. मधल्या दिवसांत सुगंधा पाणी घालील, नैवेद्य दाखवायचा नाही. "सहा दिस उपाशी ठेवू?" सुगंधाला हे पटेना. शेवटी गुळाच्या खड्यावर तडजोड झाली. गाठोडं घेऊन पालघरला निघालेली बाई संध्याकाळी वस्तीत परत आली. देव सापडले एवढं आनंदाला पुरलं, रत्नाबाईने भाकरी वाढली. मैनाबाईने ती उभ्यानेच खाल्ली.

दांडीत थोडी निराशा झाली. देव दर्याचे नसून घाटावरच्या एका बाईचे आहेत हे कळल्यावर नारळ बंद झाले. सोजराबाईने मैनाबाईला भर वस्तीत ऐकवलं, "आमचा नवा देव तू जुना केलास गो."

पुढचे चार महिने मैनाबाई दर सुट्टीला दांडीला जात राहिली. कुणाला वाटेल तिला शांती मिळाली. तसं नव्हतं. पूजा ती करी, पण पूजेबरोबर भांडणही करी, मोठ्याने, नाव घेऊन. "म्हातारीला न्यायचं व्हतं, तिचे दिस भरले व्हते. पोरीनं काय केलं व्हतं? सांग की. घोड्यावर बसून काय बघतुयास?" सुगंधाच्या घरावरून जाणारी माणसं थांबून ऐकत. देवू आईला म्हणे, "तुझी मैतरीन देवाला शिव्या घालते."

"शिव्या नाय, हिशोब मागते," सुगंधा म्हणे.

आषाढाच्या आधी रत्नाबाई बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आनंदा बहिणीला म्हणाला, जोतिबाची कृपा. ती म्हणाली, "सुईणीला लुगडं दे. त्यानं काय केलं?" पण पुढच्या सुट्टीला तिने दांडीत जाऊन देवाला बातमी सांगितली. सांगायला ती विसरत नसे.

एक गोष्ट ती करत नव्हती. ती काही मागत नव्हती. देव आहे हे तिने मान्य केलं होतं, नाखुशीने, एखादा घेणेकरी समोर आल्यावर मान्य करावा तसं. पण मागायचं म्हणजे त्याला देता येतं हे कबूल करायचं. आणि देता येत असताना त्याने तिला दिलं नाही, हेही. तिथपर्यंत जायची तिची तयारी नव्हती. बसत ती अजूनही नव्हती. घासणं, धुणं, फुलं घालणं सगळं उकिडवं, झटपट, की चालायला मोकळी.

ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमा झाली आणि पावसाळाभर वर ओढलेल्या होड्या पाण्यात गेल्या. पौर्णिमेनंतर सात-आठ दिवसांनी वारा फिरला. त्या दिवशी मैनाबाईला सुट्टी होती. ती दांडीला पोचली तेव्हा किनाऱ्यावर माणसं उभी होती. सकाळी यायच्या होड्या आल्या होत्या, एक आली नव्हती. तिच्यात देवू होता आणि शेजारच्या घरातला रामू. रामूचं लग्न आदल्या वर्षी झालेलं. त्याची बायको पुष्पलता कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी होती. दोघी बाया तिला मागे ओढत होत्या.

सुगंधा किनाऱ्यावर नव्हती. ती घरात, देवांसमोर होती. आपल्या देवांना सांगून झालं होतं. मैनाबाईला पाहताच तिने तिचा हात धरला. "तुझ्या देवाला सांग."

"तूच सांग की."

"माझी भाषा त्याला कलते का नाय, काय म्हाईत. तू दर सुट्टीला बोलतेस त्याच्याशी. सांग त्याला."

"मी मागत न्हाई, सुगंधे. तुला ठावं हाय."

"तुज्यासाठी नको मागू," सुगंधा म्हणाली. "माझ्या देवूसाठी माग."

मैनाबाई बाहेर गेली. वलांडींच्या खालून दोनदा इकडून तिकडे गेली. पाऊस आडवा लागत होता. मग ती आत आली आणि फळीसमोर मांडी घालून बसली. सुगंधा मागेच उभी होती, तिने ऐकलं. मैनाबाई म्हणाली, "माझं मागणं न्हाई. माझं संपलं. हिचा पोरगा आण. त्याच्यासंगट गेलाय त्यो बी आण. न्हाई आणलंस तरी तू हायसच, ते मला आता ठावं हाय. पर आण."

सुगंधा घाबरली. "अशी कोन मागते? नवस बोल काय तरी. कोंबडा बोल."

"त्याला कोंबडा चालत न्हाई."

"मंग पुरन बोल!"

"न्हाई. नवस न्हाई. बाजार न्हाई मांडायचा," मैनाबाई म्हणाली आणि तिथेच बसून राहिली. दुपार गेली, दिवस मावळला. सुगंधा किनाऱ्यावर जाऊन येत होती. मैनाबाई उठली नाही.

होडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. शीड फाटलेलं, सुकाणू तुटलेलं. वारा फिरला तेव्हा शिडाचं आडवं लाकूड गरकन वळलं होतं आणि त्याच्या तडाख्याने रामू पाण्यात गेला होता. देवूने दोर टाकला. तो पोचला नाही. देवू एकटाच परत आला.

गावात जे होतं ते झालं. सुगंधाच्या घरी माणसं येऊन जात होती आणि भिंतीपलीकडे रडणं चालू होतं. मैनाबाई त्या दिवशी कामावर गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सुगंधाने नारळ आणला, हळद-कुंकू काढलं. जोतिबाला वाजतगाजत पुरण करायचं म्हणाली. मैनाबाईने तिच्या हातातून नारळ काढून घेतला आणि कणगीवर ठेवला.

"शेजारी चूल पेटली न्हाई," ती म्हणाली. "कळतंय का तुला?"

"माझा पोरगा आला, मी देवाचं नाव पन नको घेऊ?"

"घे. हळू घे."

आणि ती शेजारी गेली. तिथल्या बाया तिला ओळखत होत्या. घाटावरची, देवाला शिव्या घालणारी. कुणी सरकून जागा दिली नाही. ती चुलीपाशी गेली, राख काढली, पाणी भरून आणलं, तांदूळ शोधले, पेज टाकली. पुष्पलता कुडाला टेकून बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. पेजेचा वाडगा समोर आला तेव्हा तिने तो ढकलला.

"तू मागितलंस ना देवाकडं?" तिने मैनाबाईला विचारलं. "सुगंधाकाकी सांगते. दोगांना आन बोललीस. मंग देवू आला, माझा का नाय आला?"

दारात सुगंधा येऊन उभी राहिली होती. ती तशीच मागे फिरली.

"मला म्हाईत न्हाई," मैनाबाई म्हणाली.

"तुला म्हाईत नाय?"

"न्हाई. माझी चार गेली. मी बी त्याला ह्येच इचारते. चैतापास्नं इचारतीया."

"मंग काय सांगतो?"

"अजून काय न्हाई सांगितलं."

पुष्पलताने पदराने डोळे पुसले. चुलीत ओलं लाकूड होतं, खोलीत धूर झाला होता. "मंग त्यालाच कशाला इचारत बसतेस?"

"दुसऱ्या कुणाला इचारू?" मैनाबाई म्हणाली, आणि पेज निवते आहे म्हणून वाडगा पुन्हा तिच्यापुढे सरकवला.